पुस्तकातून गेलेला आजार

आपल्याला जो आजार आहे तो नव्या पुस्तकात नाही, हे कलिपाला कळलं तेव्हा ती इंजेक्शनसाठी बाही वर सारून बसली होती.

तेरेक-सूच्या दवाखान्यात मनाच्या आजारांचा विभाग म्हणजे मागच्या अंगाला दोन खोल्या आणि बाहेर एक बाकडं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या बाकड्यावर तीच ती माणसं येऊन बसत, एकमेकांची विचारपूस करत, मेंढ्यांच्या भावावर बोलत आणि एकेक करून आत जाऊन टोचून घेऊन घरी जात. कलिपाची ही एकोणीस वर्षांची वहिवाट होती. तेवढ्या काळात देश मोडला, नोटा बदलल्या, दारावरची रशियन पाटी जाऊन किरगीझ पाटी आली. सोमवार तेवढा होता तिथेच होता.

त्या दिवशी नर्सने सुई भरायच्या आत नवी डॉक्टरीण दामिरा आतल्या खोलीच्या दारात आली. कलिपाला थोरल्या बहिणीला मारतात तशी हाक मारून म्हणाली, "एजे, सुई राहू दे. आधी जरा माझ्याकडे या."

"औषध संपलं वाटतं," कलिपा म्हणाली. त्या दिवसांत सगळंच संपत असे.

दामिरा मागच्या शरदात बिश्केकहून आली होती. पस्तिशीची, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघणारी. अशी शहरातली बाई इथे हिवाळा काढणार नाही असं गावाचं मत होतं. तिने हिवाळा काढला. आत तिने कलिपाला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की आजारांची नावं ठरवणारं पुस्तक बदललंय. आधी मॉस्कोचं चालायचं, आता सगळ्या जगाच्या डॉक्टरांनी मिळून केलेलं आलंय. मॉस्कोच्या पुस्तकात कलिपाच्या नावापुढे लिहिलेला 'संथ स्किझोफ्रेनिया' होता. जगाच्या पुस्तकात त्या नावाचा आजारच नाही.

कलिपाने चहाचा घोट घेतला. तिला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काढून टाकताहेत, जसं लोणी-कारखान्यातून माणसांना काढलं होतं तसं. "मग माझं काय करणार?" तिने विचारलं.

दामिराने खरं ते सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे मुकाश डॉक्टरांनी, एक तक्ता करून ठेवला होता. डावीकडे जुनी नावं, उजवीकडे नवी. संथवाल्यांसाठी एक नवं लांबलचक नाव शोधलेलं होतं, की सगळ्यांना डावीकडून उचलून उजवीकडे ठेवलं की काम झालं. दामिराला ते पटत नव्हतं. प्रत्येकाला समोर बसवून पुन्हा पहिल्यापासून विचारायचं, असं तिचं म्हणणं होतं.

"घोड्याला दुसऱ्या नावाने हाक मारली म्हणून तो गाय होत नाही, डॉक्टर," कलिपा म्हणाली.

"खरंय. पण आधी तो घोडाच होता का, एवढं तरी बघू द्या मला."

कलिपाला हसू आलं. या खोलीत आपण याआधी कधी हसलो होतो ते तिला आठवेना.

आता मुळात काय घडलं होतं ते सांगायला हवं.

अठ्ठाविसाव्या वर्षी कलिपा कोलखोजची, म्हणजे सामूहिक सरकारी शेतीची, दुधाची गाडी चालवत होती. अख्ख्या खोऱ्यात बाई ड्रायव्हर ती एकटी. उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर गाईंचं दूध काढलं जाई, ते टाकीत भरून खाली कारखान्यात आणायचं, हे तिचं काम. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी. पुरुष ड्रायव्हर तिला चिडवत की तुझ्या गाडीतलं दूध खाली येईपर्यंत ताक होत असेल. पण घाटात ती पुढे असली तर तिच्या मागे राहण्यात त्यांनाही निर्धास्त वाटे. नवरा झोलचू घोड्यांना नाल ठोकणारा. अबोल, रुंद खांद्यांचा माणूस. लग्नाला चार वर्षं होऊन गेल्यावर तिला दिवस राहिले, तेव्हा सासूने शेजारणींना बोलावून कणकेचे बोरसोक तळून वाटले होते.

मूल मेलेलंच जन्मलं. मुलगी होती. सासूने आणि दोन म्हाताऱ्यांनी ती कापडात गुंडाळून नेली, कुठे ते कलिपाला सांगितलं नाही. सांगायचं नाही, रडायचं नाही, नाहीतर पुढचं मूल वाटेवरून परत फिरतं, अशी बायकांची समजूत. त्यातून गवत कापणीचे दिवस, ड्रायव्हर कमी. तीन आठवडेही झाले नसतील, कोलखोजच्या मुख्याने निरोप पाठवला आणि कलिपा पुन्हा गाडीवर चढली.

पण अंगाला काही कळत नव्हतं. छातीत दूध भरून येई. सासूने कापडाने घट्ट बांधून दिलं होतं, तरी गाडी खड्ड्यातून गेली की कळ मस्तकात जाई आणि सदरा भिजे. मागे टाकीत दूध हिंदकळत असे, त्याचा वास सगळ्या केबिनमध्ये. तिचं जेवण तुटलं होतं, झोप तुटली होती, आणि कोणी बोललं तर ते पाण्याखालून बोलल्यासारखं ऐकू येई. एका दुपारी ओढ्यावरच्या पुलापाशी तिने गाडी थांबवली, मागे गेली आणि टाकीचा नळ पूर्ण उघडला. मग पायरीवर बसून बघत राहिली. ओढा पांढरा झाला. पांढरा होत होत खाली गावापर्यंत गेला. धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या, बदकं पांढऱ्या पाण्यात चोची बुडवून बघायला लागली. ती गोष्ट गाव अजून सांगतं. सांगताना हसतंही.

सरकारी दूध, ते ओढ्यात सोडलं. मिलिशिया, म्हणजे तेव्हाचे पोलीस, आली. का केलंस, असं पहिल्यांदा मिलिशियावाल्याने विचारलं, मग कोलखोजच्या मुख्याने, मग सरकारी वकिलाने, मग प्रांताच्या दवाखान्यात पांढऱ्या झग्यातल्या डॉक्टरने. कलिपाचं उत्तर सगळ्यांना एकच होतं: भरलं होतं म्हणून सोडलं.

तो पांढऱ्या झग्यातला डॉक्टर मुकाश. तेव्हा चाळिशीचा, मॉस्कोला शिकून आलेला. त्याने लिहिलं की चेहऱ्यावर भाव नाहीत, कृतीला कारण नाही, उत्तरं असंबद्ध. आणि खाली निदान लिहिलं, संथ स्किझोफ्रेनिया. म्हणजे असा आजार, की माणूस दिसायला धड असतो, कामाला जातो, खातो-पितो, आणि आत आजार नदीच्या तळच्या पाण्यासारखा हळूहळू वाहत असतो. कलिपा आठ महिने त्या दवाखान्यात राहिली. तुरुंग टळला. लायसन्स गेलं. परत आली ती जाड, मंद होऊन, पाय ओढत चालणारी. आणि झोलचूला बाजूला घेऊन डॉक्टरांनी बजावलं होतं की आता मूल नको. हा आजार रक्तातून उतरतो, शिवाय औषधाने गर्भ बिघडतो.

सासू म्हणाली, दुसरी कर. थोरली जाऊ बात्मा म्हणाली, करून टाक, वेडीला कोण विचारतंय. झोलचूने कोणालाच उत्तर दिलं नाही. घोडे घेऊन वरच्या कुरणावर गेला आणि जाताना कलिपाला बरोबर घेऊन गेला. त्यानंतर ते दोघंच. ती कारखान्यात कॅन धुवायची, कारखाना बंद पडल्यावर घरी दही लावून विकायची.

हे सगळं दामिराच्या हातातल्या जाड फाइलीत होतं, आणि गावात कोणाला माहीत नव्हतं असं त्यात काही नव्हतं. दामिराने पानं उलटली आणि एका वाक्यावर बोट ठेवलं.

"इथे लिहिलंय, रुग्ण म्हणते, भरलं होतं म्हणून सोडलं. काय भरलं होतं, एजे?"

कलिपाने तिच्याकडे पाहिलं. मग नकळत तिचा हात छातीशी गेला.

दामिराने फाइल बाजूला ठेवली. मग तिने विचारलं की त्या वेळी बाळंत होऊन किती दिवस झाले होते. कलिपाने सांगितलं. जेवण कधीपासून तुटलं होतं, झोप कधीपासून, त्याआधी आयुष्यात असं कधी झालं होतं का, त्यानंतर कधी झालं का, कोणी नसताना आवाज ऐकू आले का, लोक आपल्या वाईटावर आहेत असं वाटलं का. एकेक प्रश्न ती विचारत गेली आणि कलिपा उत्तरं देत गेली. बाहेर बाकड्यावरची माणसं चुळबुळ करायला लागली, नर्स दोनदा डोकावून गेली. नव्या पुस्तकात, दामिराने सांगितलं, बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत येणाऱ्या आजाराला वेगळी जागा आहे, म्हणून आम्हाला हा प्रश्न विचारावाच लागतो. जुन्यात ही जागा अशी नव्हती.

"म्हणजे कोणी विचारलंच नाही," कलिपा म्हणाली.

"फाइलीत तर कुठे दिसत नाही."

घरी येऊन कलिपाने झोलचूला सांगितलं. तो अंगणात घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसला होता. त्याने खूर तासणं थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर एवढंच विचारलं, "म्हणजे आजार गेला, की आजार नव्हताच?"

"आजार होता. पण तो वेगळा होता आणि कधीच गेला म्हणे."

"मग ही सुई कशाची घेत होतीस?"

त्या रात्री दोघं नेहमीसारखी जेवली आणि नेहमीसारखी झोपली. मूल नको म्हणून सांगितलं होतं, त्याबद्दल दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही.

निदान बदलायचं तर एकट्या डॉक्टरच्या सहीने होत नाही, तिघांनी बसून ठरवावं लागतं. मुकाश डॉक्टर आता साठीचे झाले होते. प्रांताचा मोठा दवाखाना सोडून ते आपल्या गावाजवळ, तेरेक-सूला येऊन राहिले होते आणि या दोन खोल्यांचे प्रमुख होते. लोक त्यांना मानत. पगार होत नव्हता त्या वर्षांतही ते रोज कोट घालून यायचे, आणि औषध नसलं की स्वतः प्रांताला जाऊन भांडून आणायचे. दामिराचा तक्त्याला असलेला विरोध त्यांना आवडला नव्हता, पण त्यांनी तिला अडवलंही नाही. विचार, म्हणाले, विचारून बघ. बाकड्यावरच्या माणसांना दामिराने एकेक करून विचारलंच. ताश्तान नावाचा एक माणूस भिंतीतल्या लोकांशी बोलायचा. त्याला नव्या पुस्तकानेही काही सूट दिली नाही, त्याचं नाव उजवीकडे गेलं आणि औषध तेच राहिलं. आणखी दोघांचंही तसंच झालं. कलिपाचं मात्र तिने तिघांच्या समितीपुढे ठेवलं.

त्या दिवशी कलिपा नवा रुमाल बांधून गेली. झोलचूही गेला, पण त्याला बाहेर बसवलं. आत टेबलामागे मुकाश डॉक्टर मध्ये, एका बाजूला दामिरा, दुसऱ्या बाजूला शेजारच्या तालुक्यातून आलेला एक डॉक्टर, ज्याला परतीची गाडी पकडायची होती.

दामिराने आपलं म्हणणं मांडलं. त्या तिसऱ्या डॉक्टरने मान डोलावली. मुकाश डॉक्टर चष्मा काढून कलिपाकडे बघत होते. त्यांनी तिला ओळखलं होतंच. दर महिन्याला बघत होते.

"तेव्हा मी ते नाव लिहिलं नसतं तर काय झालं असतं, माहीत आहे ना तुला?" ते म्हणाले. "सरकारी मालाची नासाडी. सहा वर्षं तरी बसली असतीस. वकील कागद तयार करूनच आला होता. त्याला परत पाठवायला साधं दुखणं पुरलं नसतं, मोठं नाव लागत होतं."

"माहीत आहे, अक्साकाल," वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं कलिपा म्हणाली. "झोलचूने मला तेव्हाच सांगितलं होतं. आम्ही तुमच्यासाठी मेंढी कापून प्रार्थनाही केली होती."

"मग?"

"मला तक्रार करायची नाही. एक विचारायचंय." कलिपाने हात मांडीवर ठेवले. "सहा वर्षं तुरुंगात बसून मी चौतिसाव्या वर्षी सुटले असते. तिथून सुटलेल्या बाईला मूल होऊ देऊ नको, असं कोणी सांगितलं असतं का?"

तिसरा डॉक्टर घड्याळाकडे बघायचा थांबला. शेगडीत लाकूड तडकलं. मुकाश डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला, फाइल आपल्याकडे ओढली, आणि बराच वेळ त्या वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या अक्षराकडे बघत राहिले.

"ते पण पुस्तकातच होतं," ते शेवटी म्हणाले.

कलिपाला त्यांचा राग यायला हवा होता असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं. पण त्या क्षणी समोर एक म्हातारा माणूस दिसत होता, बाहीला ठिगळ लावलेला, आणि तिला नुसता थकवा आला.

मुकाश डॉक्टरांनी दामिराला विचारलं की तुझं पुस्तक याला काय म्हणतं. बाळंतपणानंतरचं तीव्र नैराश्य, दामिरा म्हणाली, एकदाच येऊन गेलेलं. आज कोणताही आजार नाही.

"आणि याच्या पुढचं पुस्तक निघेल तेव्हा?"

"तेव्हा पुन्हा विचारू, डॉक्टर."

त्यांनी सही केली. मग इंजेक्शन एकदम बंद करू नको, मात्रा उतरवत ने, हिवाळा आहे, तिच्यावर लक्ष ठेव, असं कितीतरी वेळ सांगत राहिले, जणू सही करण्यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं होतं. कलिपा उठली तेव्हा तेही उठले. ती बाहेर जाईपर्यंत उभेच होते.

बाहेर झोलचूने तिच्या तोंडाकडे बघून काय ते ओळखलं. घोड्यावर तिला पुढे बसवलं आणि वाटेत बात्माच्या घरावरून जाताना तिला हाक मारून सांगितलं की कलिपा बरी झाली, कागदावर तसं आलंय.

"कागद बदलला म्हणून ओढ्यातलं दूध परत टाकीत जात नाही, दीरजी," बात्मा कुंपणामागून म्हणाली.

पुस्तक दोन खोल्यांच्या बाहेर कोणी वाचलेलं नव्हतं.

मात्रा कमी होत गेली तसं कलिपाच्या अंगात काहीतरी बदलायला लागलं. आधी हात थरथरले, झोप विरळ झाली. हे होणार म्हणून दामिराने सांगितलंच होतं. मग चव परत आली. कलिपाने एकदा कायमाकात, दाट सायीत, पाव बुडवून खाल्ला आणि तशीच बसून राहिली, इतकं ते गोड लागलं. पाय हलके झाले. चालताना ती झोलचूच्या पुढे जायला लागली. तो म्हणे, कुठे पळतेस, बाजार उठला नाही अजून.

आणि मग, बर्फ पडलेलं असताना, एका सकाळी कणीक मळता मळता तिला रडू कोसळलं. आधी नुसतं पाणी वाहत होतं. मग ती गायला लागली. मेलेल्या माणसासाठी बायका भिंतीकडे तोंड करून जो विलाप गातात तो कोशोक तिने धरला, शब्द जोडत जोडत. घरात कोणी मेलेलं नव्हतं. झोलचू दारात उभा राहून ऐकत होता, त्याला काय करावं सुचेना. दुपारी थांबली, संध्याकाळी पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. आवाज ऐकून बात्मा आली, एकदा आत बघितलं आणि बाहेर येऊन दिराला म्हणाली, "इतकी वर्षं संथ होता, आता जोरात आलाय. डॉक्टरणीला सांगून पुन्हा सुई चालू करा. कागद ठेवा बाजूला."

झोलचूला तिचं बोलणं खोटं वाटेना. रस्ता बर्फाने बंद होता. तो घोड्यावर गेला आणि दुपारपर्यंत दामिराला मागे बसवून घेऊन आला. आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर इतका वेळ बसलेली दामिरा उतरली तेव्हा तिला नीट उभं राहता येत नव्हतं. कलिपाने रडत रडतच तिला धरून आत नेलं, शेगडीजवळ बसवलं, पायांवर रजई घातली आणि चहा ठेवला.

दामिराने विचारलं, जेवता का. जेवते. झोपता का. आधी थोडा वेळ येत नाही, मग येते. कोणाचा आवाज ऐकू येतो का. माझाच येतो, कलिपा म्हणाली, आणि नाक पुसलं. कोणासाठी गाताय, दामिराने विचारलं.

"मुलीसाठी. तेव्हा गाऊ दिलं नाही. मग सुई सुरू झाली, मग आठवायची, पण दुसऱ्या कोणाची आठवण असल्यासारखी आठवायची."

दामिरा बाहेर अंगणात झोलचूपाशी आली. तिने सांगितलं की मूल गेलेल्या बाईने रडणं हा त्या पुस्तकात आजार नाही. वीस वर्षांनी रडली तरी? झोलचूने विचारलं.

"तेवढं पुस्तकात लिहिलेलं नाही, दादा. मला वाटतं तरीही नाही. पण मी नक्की सांगू शकत नाही." ती थांबली. "जेवण तुटलं, झोप तुटली, बोलणं बंद झालं, तर मला लगेच न्यायला या. तोवर सुई नको. रडू द्या."

झोलचू घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभा होता. "मला ठाऊक आहे कुठे आहे ते," तो म्हणाला.

"काय?"

"मुलगी. आईने मला खड्डा खणायला नेलं होतं. कलिपाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. आईला जाऊनही आता सहा वर्षं झाली." मग बर्फाकडे बघत म्हणाला, "मी दर वसंतात जाऊन येतो."

दामिरा म्हणाली, मला नका सांगू, त्यांना सांगा.

त्याने सांगितलं. दामिराला परत पोचवून आल्यावर, शेगडीपुढे बसून, चार वाक्यांत. कलिपाचं रडणं थांबलं. ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याला वाटलं आता ही उठून आपल्याला मारणार. त्यानेही ते सोसलं असतं. पण तिने विचारलं, "केस होते का तिला?"

"होते. काळे. पुष्कळ होते."

बर्फ वितळायला लागल्यावर दोघं गेली. जुन्या हिवाळी गोठ्याच्या वर, पिवळ्या बेरीच्या काटेरी झुडपांच्या आडोशाला, चार दगड होते. कोणाला सांगितल्याशिवाय दिसले नसते. झोलचूने गुडघे टेकून प्रार्थना म्हटली, कलिपाने जे गायचं होतं ते गायलं, आणि दोघं तिथेच बसून बरोबर नेलेला पाव खाऊन परत आली. येताना ती त्याच्याशी बोलली नाही. दोन-तीन दिवस बोलली नाही. इतकी वर्षं तो एकटा जाऊन येत होता, याची दया यावी की राग, हे तिचं ठरत नव्हतं. मग एका सकाळी दही विरजताना ती आपणहून बोलायला लागली, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल.

त्यानंतर ती तशी कधी रडली नाही असं नाही. पण झोलचू आता घाबरत नसे. बात्मा आली तर तो सांगे, गातेय, गाऊ दे.

वसंत सरता सरता कलिपा दामिराकडे गेली आणि तिने एक दाखला मागितला. लायसन्स काढायचं तर मनाच्या दवाखान्याच्या यादीत नाव नाही असं लिहून आणावं लागतं. दामिराने तो जागच्या जागी लिहून दिला. शिक्का मुकाश डॉक्टरांच्या कपाटात असे. त्यांनी दाखला वाचला, शिक्क्यावर दोनदा फुंकर मारली आणि नीट सरळ उमटेल असा मारला. नवा ट्रक कुठून आणणार, त्यांनी विचारलं. ट्रक नाही, कलिपा म्हणाली, बात्माच्या पोराने एक जुनी राफ व्हॅन घेतलीय, आणि स्वतः कामाला रशियात निघून गेलाय. ती अंगणात उभी आहे, तिच्यात कोंबड्या अंडी घालतात.

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. इन्स्पेक्टर बात्माच्या पोराच्या वयाचा होता. चढावर गाडी बंद पडली, पुन्हा सुरू केली तर मागे सरकली, आणि तो पोरगा दाराची कडी धरून बसला. पाय विसरले नव्हते, पण घाई करत होते. ती घरी येऊन रात्रभर चिडली आणि दुसऱ्या दिवसापासून व्हॅनमधल्या कोंबड्या हाकलून कुरणातल्या कच्च्या रस्त्यावर फेऱ्या मारायला लागली. झोलचू घोड्यावर बसून बाजूने चालायचा आणि गियर चुकला की जीभ टाळ्याला लावून आवाज करायचा, घोड्याला करतात तसा. "मी घोडी नाही," ती खिडकीतून म्हणायची. "घोडी असतीस तर एवढा वेळ लागला नसता," तो म्हणायचा. दुसऱ्या खेपेला ती पास झाली.

खोऱ्यातून तालुक्याच्या बाजाराला जायला तेव्हा एकच गाडी होती आणि ती मालकाच्या मर्जीने निघायची. कलिपाने रविवारी सकाळी व्हॅन चौकात आणून उभी केली. लोक होते, पोती होती, पण कोणी पुढे येईना. पुरुष उगाच चाकं बघत होते. एकाने, ऐकू जाईल अशा बेताने, विचारलं की बाई पुलावर थांबते का. दुसरा हसला. कलिपा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसली होती. तिला ते ऐकू आलं होतं आणि लागलंही होतं. एका कागदाने हे थांबेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

मग बात्मा लोकरीचं गाठोडं काखेला मारून आली. गर्दीतून वाट काढत तिने सरळ पुढचं दार उघडलं आणि पोराच्या गाडीत मालकिणीसारखी बसली.

"बघत काय उभे राहिलात?" ती त्या पुरुषांना म्हणाली. "तुमच्यातले निम्मे दारू पिऊन गाडी हाकतात, त्यांच्या गाडीत बसता ना? हिने दूध सांडलं होतं, माणसं नाही. आणि भाडं आधी द्यायचं, उतरताना नाही."

एक म्हातारी चढली, मग तिची सून, मग दोन पोती, आणि मग सगळेच. झोलचूला जायचं कुठेच नव्हतं, तरी तो शेवटी चढला आणि मागच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन, पोत्यांच्या मध्ये बसला. गाडी निघाली. घाटाच्या पहिल्या वळणाला त्याने नेहमीच्या सवयीने जीभ टाळ्याला लावून आवाज केला. कलिपाने आरशात बघितलं आणि म्हणाली, "मागून सूचना करणाऱ्याकडून दुप्पट भाडं." गाडीतले लोक हसले. बात्मा पुढे बसून कोणी किती दिलं ते मोठ्याने विचारत होती, आणि कलिपा वळणामागून वळण घेत, हॉर्न देत, खाली बाजाराकडे निघाली होती.